दुपारी एक ते चार

माराकुझाचं फूल एकला उघडतं.
अगदी ठोक्याला नाही, ऊन नीट तापलं की.
बाहियाच्या या कोरड्या पठारावर
तेव्हा बाकी सगळं मिटलेलं असतं:
दुकानांची शटरं, कुत्री, आमचे डॉक्टर आग्नाल्दो.
चारनंतर फूल दमतं, पाकळ्या ओढून घेतं.
काय करायचं ते तेवढ्यात.

माझं नाव एदिलेउझा.
पगारपत्रकावर क्षेत्र-सहायक,
वेलींच्या लेखी भुंगा.

ज्या वर्षी रोगानं सगळे मळे चुरगळले,
फळं लाकडासारखी कडक, पानं सुरकुतलेली,
त्या वर्षी कुंपणावर एक रानवेल तेवढा हिरवा होता,
जणू गावात काही झालंच नाही.
फळ लिंबाएवढं, आत बियाच बिया.
"याचं रक्त हवं," डॉक्टर म्हणाले.

पण तो रात्रीचा.
पांढरं किरकोळ फूल, वटवाघळांसाठी उघडणारं.
रात्रीच्या याला दुपारची ती भेटायची कशी?
मी पहाटे तीनला टॉर्च घेऊन जायची,
पराग कागदात, कागद बरणीत,
बरणी फ्रिजमध्ये, माझ्या घेवड्याच्या डब्याला लागून.
दहा तास तो थंडीत बसून राहायचा.

लहानपणी पाद्रीबाबांनी याच फुलात दाखवले होते
तीन खिळे, पाच जखमा, काट्यांचा मुकुट.
मी चिमट्यानं जखमा आधीच काढून टाकायची,
मग थांबायचं.
खिळे हळूहळू खाली वाकले
की समजायचं, फूल राजी आहे.
तिन्ही खिळ्यांच्या डोक्यांना पिवळी पूड.
वर कागदी पिशवी, दोरा, तारीख.

पहिली पिढी बापावर गेली, आंबट ढाण.
तिला परत मळ्यात दिली,
तिच्या पोरींना परत,
त्यांच्या पोरींना परत.
अकरा वर्षं.
माझी ताइनारा तेवढ्यात पाटी सोडून नर्सिंगला गेली.

दरसाल सहाशे रोपं. पाच ठेवायची.
बाकीच्यांना कोयता.
कोयता माझा. डॉक्टरांना त्या दिवशी नेमकी मीटिंग असते.
कारखान्याला रस हवा भरपूर, साल पातळ,
पण ट्रकमध्ये न दबणारी,
रंग पिवळा, कारण जांभळ्याला इथे विचारतो कोण.
बाराव्या ओळीतल्या सत्तावीस नंबरला
असा वास होता की जाणारा टँकरवाला गाडी थांबवून आत आला.
फळ मात्र अंड्याहून लहान.
त्याला मी नाव ठेवलं नव्हतं.
म्हणजे, ठेवलं होतं.

शेवटी दोन बहिणी पास झाल्या.
ऑफिसनं त्यांना आकडे दिले.

ओझियास एकीलाच घेऊन गेला.
"दोन कशाला? हीच देखणी आहे."
एकीचीच हजार कलमं, तारांवर ताणून.
पानं लखलखीत, रोगाचा ठिपका नाही.
फुलं तर इतकी की बायको अंगणातून ओरडली.
आणि फळ?
एक नाही.
फोनवर त्यानं मला, डॉक्टरांना, सरकारला
एका दमात शिव्या दिल्या.

साडेबाराला पोचले. तो टोपी काढून उभा.
म्हटलं, हिला स्वतःचा पराग चालत नाही.
"हजार आहेत की!"
हजार नाहीत, ओझियास.
ही एकच आहे, हजार ठिकाणी उभी.

डबीत दुसरीचा पराग आणला होता.
त्याचा हात घेतला, भेगाळलेला, टायर बदलणारा,
आणि तर्जनीला पिवळं लावलं.
दोघंही गप्प. उन्हात तारा करकरत होत्या.

एक वाजला असेल.
पहिल्या फुलाचे खिळे वाकले.
त्यानं श्वास धरून बोट टेकवलं,
मग माझ्याकडे पाहिलं.
"एवढंच?"

एवढंच. चारपर्यंत.
उद्या परत.
पुढच्या ओळीत दुसरी लाव.